आठव्या दिवसाची बैठक : शिक्षकाची नजर आणि मुलाची किंमत

'ढ' हा शब्द तुम्ही शाळेत ऐकला असेलच. कदाचित स्वतःबद्दलही. आज माझ्या अभ्यासाच्या विषयातला एक तुकडा सांगते : एखादं मूल 'ढ' आहे हे वर्गात नेमकं कधी ठरतं, आणि ते ठरवतं कोण?

सुरुवात आपल्याच पुण्यापासून करू. 1882 साली हंटर आयोगासमोर जोतीराव फुल्यांनी एक निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी बहुतेकांना माहीत असते. पण त्याच निवेदनात शिक्षकांबद्दलही एक मुद्दा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. फुले म्हणतात की प्राथमिक शाळांतले जवळजवळ सगळे शिक्षक ब्राह्मण आहेत आणि धार्मिक समजुतींमुळे ते मुलांपासून अंतर राखून वागतात. म्हणून शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करा. ते या मुलांत मिसळतील, वेळ पडली तर नांगरही धरतील आणि मुलांच्या गरजा त्यांना कळतील. नीट बघा, इथे तक्रार फक्त पुस्तकांची किंवा इमारतींची नाही. शिक्षक मुलाशी कसा वागतो, यावर शिक्षण टिकतं की नाही हे अवलंबून आहे, असं त्यांचं म्हणणं आहे.

ते अंतर प्रत्यक्षात कसं दिसायचं, हे पुढे डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. वर्गात त्यांनी इतर मुलांबरोबर बसायचं नाही, कोपऱ्यात बसायचं. बसायला वेगळं गोणपाट. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवायचा नाही, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. म्हणजे मुलाची जागा धड्याच्या आधीच ठरलेली!

आता तुम्ही म्हणाल, हा जातीचा इतिहास झाला, संशोधन कुठाय? तर थेट अमेरिकेत जाऊ.

रे रिस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1967 साली सेंट लुईस शहरातल्या एका शाळेत, बालवर्गातल्या 30 मुलांचं निरीक्षण सुरू केलं. सगळी मुलं कृष्णवर्णीय, आणि बाईही कृष्णवर्णीय. म्हणजे वंशभेदाचं सरळ उत्तर इथे चालत नाही. शाळा सुरू झाल्यावर आठव्या दिवशी बाईंनी मुलांच्या कायमच्या जागा ठरवल्या. तीन टेबलं. तोपर्यंत बुद्धीची एकही चाचणी झाली नव्हती. बाईंकडे माहिती होती ती कोणाचं कुटुंब सरकारी मदतीवर जगतं, आया काय सांगतात, मोठी भावंडं शाळेत कशी होती, अशी. पहिल्या टेबलावर गेली ती स्वच्छ कपड्यांची, प्रमाण इंग्रजी बोलणारी, शिकलेल्या घरातली मुलं. उरलेली दुसऱ्या-तिसऱ्या टेबलावर.

पुढे काय झालं? शिकवणं मुख्यतः पहिल्या टेबलाकडे तोंड करून होऊ लागलं. मागच्यांच्या वाट्याला जास्त करून दटावणी. थोड्याच दिवसांत पहिल्या टेबलावरची मुलं मागच्यांची टिंगल करू लागली, आणि मागची मुलं गप्प तरी बसू लागली किंवा एकमेकांवर डाफरू लागली. बाईंनी पाहिलं असतं तर वाटलं असतं, 'बघा, मी म्हणत होते ना, यांचं लक्षच नसतं!' पण रिस्ट मुलांच्या घरीही गेला. वर्गात तोंड न उघडणारी काही मुलं घरी तोच धडा म्हणून दाखवत होती. म्हणजे ती शिकत होती, फक्त वर्गात ते कोणाला दिसत नव्हतं.

पहिलीत गेल्यावर मागच्या टेबलांवरचं एकही मूल वरच्या गटात आलं नाही. दुसरीत तर सर्वांत खालच्या गटाचं नावच 'विदूषक' होतं. आता मात्र गट वाचनाच्या प्रगतीवर ठरत होते, म्हणजे कागदोपत्री सगळं रास्त. आठव्या दिवसाचा अंदाज दोन वर्षांत 'पुरावा' झाला होता.

याच काळात, 1968 साली, रॉबर्ट रोझेंथल आणि लेनोर जेकबसन यांचा प्रसिद्ध प्रयोग पुस्तकरूपाने आला. शिक्षकांना काही नावं दिली आणि सांगितलं, ही मुलं यंदा झेप घेणार. नावं चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली होती. वर्षअखेर पहिली-दुसरीतल्या अशा मुलांचे गुण इतरांपेक्षा जास्त वाढले. वरच्या इयत्तांत तसा परिणाम दिसला नाही. यावर टीका भरपूर झाली. लहान मुलांसाठी ती चाचणीच भरवशाची नव्हती, हा मुख्य आक्षेप. मग 1984 साली स्टीफन रॉडेनबुश यांनी अशा 18 प्रयोगांची एकत्र छाननी केली. शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून अधिक ओळखत असतील, तर खोट्या माहितीचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो, असं त्यांना आढळलं.

काहींनी याचा अर्थ 'काळजीचं कारण नाही' असा काढला. मला तो उलटा वाटतो. दोन आठवड्यांनी शिक्षकाचं मत बाहेरून हलत नाही, याचं एक कारण ते तोवर बनलेलं असतं हेही असू शकतं. रिस्टच्या बाईंना तर आठच दिवस लागले.

मत मुलापर्यंत पोचतं कसं? जेर ब्रॉफी आणि थॉमस गुड यांनी 1970 मध्ये पहिलीच्या वर्गांत बसून नोंदी केल्या. 'हुशार' मूल अडलं की शिक्षक प्रश्न पुन्हा विचारत, धागा देत. 'कच्चं' मूल अडलं की पुढच्याकडे वळत. बरोबर उत्तराला शाबासकीही कच्च्यांना कमी. कोणी कोणाला 'ढ' म्हटलं नाही. पण मुलाला हिशेब कळतो : माझ्यासाठी थांबण्यात अर्थ नाही, असं बाईंना वाटतं.

म्हणूनच मला मेरी बड रो यांचं काम फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी वर्गातली शांतता मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते, आणि कच्च्या समजल्या जाणाऱ्यांसाठी त्याहूनही कमी. मग त्यांनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायला शिकवलं. उत्तरं लांबली, मागची मुलं बोलू लागली आणि मुलांना दटावण्याचे प्रसंगही कमी झाले. इतकंच काय, काही मुलांबद्दलचं शिक्षकांचं मतही बदललं.

आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली. ती हवीच होती. पण न विचारलेला प्रश्न, न दिलेला धागा, न थांबलेले दोन सेकंद कुठल्याच तक्रारवहीत येत नाहीत. तुम्ही शिकवत असाल तर उद्या एवढंच करून बघा : मागच्या बाकावरच्या मुलाला प्रश्न विचारा आणि मनातल्या मनात तीन आकडे मोजा. दुसऱ्या आकड्याला पुढच्याकडे वळावंसं वाटेल. वळू नका.