लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरचा आहार

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेने जठर लहान होते. खाण्याची सवय मात्र रुग्णालाच बदलावी लागते. ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’त जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, तर ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये अन्नासाठी जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी ठेवतात.

प्रारंभी पातळ पदार्थ, मग घोटलेले व मऊ अन्न आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण, असा क्रम असतो. पहिल्या काही आठवड्यांत दिवसाकाठी बहुधा ८०० उष्मांकही पोटात जात नाहीत. साहजिकच प्रत्येक घास मोलाचा ठरतो. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने आवश्यक मानली जातात. ती कमी पडल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून ताटातील अंडे, मासे, पनीर वा घट्ट वरण आधी, भाजी नंतर आणि पोळी-भात शेवटी खावा.

कर्बोदके वर्ज्य नाहीत. भाकरी, डाळी व भाज्यांतील कर्बोदके सावकाश पचतात. खरा धोका साखरेचा. बायपासनंतर गोड पदार्थ वेगाने लहान आतड्यात उतरल्यास घाम, धडधड, पोटात कळा व जुलाब होऊ शकतात. यालाच ‘डंपिंग सिंड्रोम’ म्हणतात. शिवाय सरबत, आइस्क्रीम लहान जठरातूनही सहज उतरतात आणि घटलेले वजन पुन्हा वाढू लागते.

पाणी जेवताना न पिता अर्ध्या तासाने घोट घोट प्यावे. जीवनसत्त्वे व क्षारांची पूरके आजन्म घ्यावी लागतात. वारंवार उलट्या होत असल्यास ‘बी-१’ जीवनसत्त्वाच्या अभावाने मज्जासंस्थेस इजा पोहोचू शकते. अशा वेळी विनाविलंब शल्यचिकित्सकाकडे जावे.