अंधारातली संक्रांत

५ एप्रिल २०२३. संध्याकाळी मॉन्ट्रियालहून लेकीचा फोन आला. "आई, दिवे गेलेत. सगळी झाडं काचेची झालीयेत. फांद्या मोडल्याचे आवाज येताहेत."

त्या दिवशीच्या बर्फाळ पावसाने क्विबेक प्रांतात दहा लाखांहून जास्त वीजजोडण्या बंद पडल्या होत्या. मी पहिला प्रश्न विचारला, "घरात कोळसा आहे का?"

"कोळसा? कशाला?" ती हसायला लागली. "आणायचा असेल तर कुठून आणू?"

"आणू नकोस. आणि कुणी पेटवत असेल तर पेटवू देऊ नकोस."

तिला तेव्हा फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे लिहितेय. ताई, तूही वाच. १९९८ साली तुला आणि आईला मी फोनवर "आम्ही मजेत आहोत" असं सांगत होते ना, ते पूर्ण खरं नव्हतं.

तेव्हा आम्हाला कॅनडात येऊन दीड वर्ष झालं होतं. मॉन्ट्रियालच्या समोर, सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण काठावर भाड्याचं घर होतं. मला सहावा महिना लागला होता. ५ जानेवारीला पाऊस सुरू झाला. जानेवारीत बर्फाऐवजी पाऊस, म्हणजे जरा ऊबच की, असं आम्हाला वाटलं. किती अडाणी होतो!

झालं होतं असं, की दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखातावरची कोमट, दमट हवा आली होती. पण नदीच्या खोऱ्यात उत्तरेची गार, जड हवा तळाशी बसून राहिली होती. कोमट हवा तिच्यावर चढली. वरून पडायचं ते पाणीच, पण खाली येता येता ते इतकं गार व्हायचं, की फांदीला, तारेला, गाडीला टेकताक्षणी गोठायचं. हे एकदा नाही, १० तारखेपर्यंत पुन्हा पुन्हा झालं. आमच्या भागात काही ठिकाणी असा १०० मिलिमीटर पाऊस पडला. वीजवाहक तारा मनगटाएवढ्या जाड दिसायला लागल्या.

आधी झाडं मोडली. रात्री बंदुकीसारखे आवाज यायचे. मग खांब गेले, सुमारे ३०,००० लाकडी खांब. आणि मग उच्चदाबाचे पोलादी मनोरे. एक पडला की तारांच्या ओढीने शेजारचा, त्याच्या ओढीने पुढचा. क्विबेकमध्ये जवळजवळ निम्मी लोकसंख्या अंधारात गेली. सँ-यासँत, ग्रॅनबी आणि सँ-जाँ या तीन गावांमधल्या भागाला तर "काळा त्रिकोण" असंच नाव पडलं. तिथे काही घरांत वीज यायला फेब्रुवारी उजाडला.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. क्विबेकची वीज उत्तरेकडच्या अजस्र धरणांतून येते. स्वस्त आणि मुबलक. १९७३ च्या तेलटंचाईनंतर लोकांनी घरं तापवायला तेल सोडून वीज घेतली, सरकारनेही प्रोत्साहन दिलं. त्यात चूक काही नव्हती. पण परिणाम असा, की दिवे गेले म्हणजे नुसते दिवे जात नाहीत. ऊब जाते, चूल जाते, गरम पाणी जातं. अख्खा संसार एका तारेवर टांगलेला.

शुक्रवार ९ जानेवारीला तर खुद्द मॉन्ट्रियालमध्ये पाणी शुद्ध करणारी केंद्रं बंद पडली. शहराकडे काही तासांपुरतंच पाणी उरलं होतं, हे सामान्य माणसाला नंतर कळलं. लष्कर आलं, सगळे मिळून जवळजवळ १६,००० जवान. जवळच्या बूशेरव्हिल गावात तर रेल्वेचं इंजिन रुळांवरून उतरवून रस्त्याने चालवत नगरपालिकेच्या इमारतीपाशी नेलं आणि त्याच्यावर तिथली वीज चालवली. खोटं वाटेल, पण खरं आहे.

आमच्या घरात सहा तारखेच्या रात्री अंधार झाला. पहिले दोन दिवस गंमत वाटली. मेणबत्त्या, बॅटरीवरचा रेडिओ, फ्रीजमधलं दूध गॅलरीत. फोन तेवढा चालू होता, म्हणून तर तुमच्याशी बोलता येत होतं. नळ गोठून फुटू नयेत म्हणून थेंब थेंब पाणी चालू ठेवायचं, हे रेडिओवर कळलं. शाळेत निवारा उघडला होता, पण "शंभर अनोळखी माणसांत, या अवस्थेत कशाला?" असं म्हणून आम्ही गेलो नाही. खरं सांगायचं तर लाज वाटत होती. परक्या देशात येऊन पहिल्याच संकटात सतरंजीवर जाऊन पडायचं?

शनिवारी घरातला पारा ६ अंशांवर आला. मी दोन स्वेटर, कोट आणि आईने दिलेली गोधडी पांघरून बसले होते. नवऱ्याने गॅलरीतली उन्हाळ्यात मांस-भाज्या भाजायची छोटी शेगडी आत आणली. कोळशाची पिशवी फोडली. "आजोळी थंडीत शेगडी पेटवून सगळे भोवती बसायचो की," तो म्हणाला. मीही हो म्हटलं. ताई, मीही हो म्हटलं.

तेवढ्यात दार वाजलं. समोरच्या घरातल्या फ्रेंच आजी. काठी टेकत, बर्फावर जीव मुठीत धरून आम्हाला बघायला आल्या होत्या. त्यांची नजर शेगडीवर गेली आणि त्या ओरडल्या, "नों! नों!" पुढचं फ्रेंच मला समजलं नाही, पण त्यांनी हाताने गळा आणि झोप दाखवली, तेवढं पुरलं.

आजोळच्या घराला कौलं होती. फटींतून वारा यायचा, तसा धूरही जायचा. इथलं घर थंडीसाठी बरणीसारखं घट्ट बंद केलेलं. कोळशाच्या विषारी वायूला ना रंग, ना वास. त्या वादळात कॅनडात तीसेक माणसं गेली. त्यांतली बरीच थंडीने, आगीने आणि याच वायूने. पाऊस थांबल्यावर गेली, घर तापवता तापवता गेली.

आजींनी आम्हाला सामानासकट उचलून नेलं. त्यांच्याकडे लाकडाची जुनी चूल होती. सून ती काढून टाका म्हणायची म्हणे. एका खोलीत आम्ही अकरा जण. मी त्या चुलीवर खिचडी केली, सगळ्यांनी खाल्ली. १४ तारखेला माझ्या लक्षात आलं, आज संक्रांत! माझ्याकडे भाजलेले तीळ होते, गूळ नव्हता. आजींनी मेपलच्या साखरेचा खडा आणून दिला. त्यांच्या भावाची मेपलची झाडं त्याच आठवड्यात उभी चिरली होती. नवं झाड लावलं तर त्याचा रस काढायला चाळीसेक वर्षं लागतात. "मी काही बघणार नाही," असं म्हणून त्या हसल्या. मोडक्या फ्रेंचमध्ये "गोड बोला" कसं म्हणायचं ते मला शेवटपर्यंत जमलं नाही.

अठराव्या तारखेला दिवे आले. आधी सगळे ओरडलो आणि मग उगाचच गप्प झालो.

पुढे रॉजर निकोले या अभियंत्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. वीज कंपनीने मनोऱ्यांच्या रांगांमध्ये ठरावीक अंतरावर जास्त भक्कम मनोरे घातले, म्हणजे एक पडला तरी पूर्ण माळ कोसळू नये. मॅकगिल विद्यापीठाच्या सुझान किंग यांनी त्या वादळात गरोदर असलेल्या बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. २०१४ साली त्यांच्या गटाने दाखवलं, की मुलांच्या जनुकांवरच्या खुणा तेराव्या वर्षीही दिसत होत्या. त्या आई किती घाबरली याच्याशी नाही, तर प्रत्यक्षात तिचे किती हाल झाले याच्याशी जुळत होत्या. मी त्या अभ्यासात नव्हते. पण ते वाचून बराच वेळ लेकीचा लहानपणचा फोटो बघत बसले.

आजी गेल्या त्यालाही आता खूप वर्षं झाली. आम्ही टोरांटोला आलो, तेव्हा त्यांचे आभार मानायला गेले होते. त्या म्हणाल्या, खिचडी छान होती. बस्स, एवढंच.

तर बाळा, म्हणून कोळसा विचारला. त्या रात्री फोन ठेवताना तू म्हणालीस, "खालच्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहतात, त्यांना बघून येते." मग मला झोप लागली.