बदलापूरहून लेबनॉनला फराळ पाठवायचाय, पण पत्त्यात लेबनॉन लिहायचं नाही. असं का?

समजा, बदलापूरच्या एका घरातला मुलगा लष्करात आहे आणि सध्या त्याची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण लेबनॉनमध्ये आहे. दिवाळी जवळ आलीय. आईने चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू असं सगळं डब्यात भरलंय. उल्हासनगरच्या मावशीने सिंधी पापडाची दोन पाकिटं दिलीत. खोकं बांधून झालं आणि आता पत्ता लिहायचा आहे.

तर त्या खोक्यावर लेबनॉनचं नाव येत नाही. गाव, जिल्हा, देश काहीच नाही. फक्त सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, ९ या आकड्याने सुरू होणारा पिनकोड आणि शेवटी 'द्वारा ५६ एपीओ' एवढंच.

पहिल्यांदा पार्सल पाठवणाऱ्याला हा पत्ता अर्धवट वाटतो. कुणीतरी शहाणपणा करून खाली देशाचं नाव लिहितं आणि तिथेच गाडी अडते.

५६ एपीओ म्हणजे नेमकं कुठे?

कुठेच नाही. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, पण '५६ एपीओ' नावाची इमारत शोधायला निघालात तर सापडणार नाही. तो एक सांकेतिक पत्ता आहे. असा पत्ता असलेलं टपाल दिल्लीच्या 'सेंट्रल बेस पोस्ट ऑफिस'मध्ये जातं. पूर्वेकडच्या तुकड्यांसाठी ९९ एपीओ आहे, त्याचं टपाल कोलकात्याहून जातं. कुठलं युनिट आज कुठे आहे हे तिथल्या लष्करी टपाल कर्मचाऱ्यांना माहीत असतं. ते पिशव्या लावतात आणि पिशवी त्या युनिटच्या फील्ड पोस्ट ऑफिसकडे रवाना होते. मग ते युनिट लडाखमध्ये असो, राजस्थानात असो किंवा भूमध्य समुद्राच्या काठावर.

याचा फायदा दुहेरी. युनिट हललं तरी घरच्यांना पत्ता बदलायची गरज पडत नाही. आणि टपाल हाताळणाऱ्या मधल्या कुणालाही, म्हणजे अंबरनाथच्या काउंटरवरच्या कर्मचाऱ्यापासून रेल्वेत पिशवी चढवणाऱ्यापर्यंत, सैन्य कुठे आहे ते कळत नाही.

पार्सलवर देशाचं नाव लिहिलं की ते परदेशी टपाल ठरतं. कस्टम्सचा फॉर्म येतो, दर परदेशी लागतो, आणि पार्सल लष्कराच्या टपाल खात्याऐवजी त्या देशाच्या नागरी पोस्टाच्या वाटेला लागतं. त्या पोस्टाकडे आपल्या युनिटचा घराचा पत्ता नसतो. याउलट ५६ एपीओ हा भारतातलाच पत्ता आहे, त्यामुळे तिकीटही देशातल्या दराचंच.

खासगी कुरिअरवाले हा पत्ता सहसा घेत नाहीत. कारण साधं आहे. त्यांच्या माणसाला दार वाजवायला दार लागतं, आणि इथे दारच नाही. त्यामुळे पोस्टात जायचं.

९ नंबरच्या मागे एक मराठी माणूस

देशात पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. तो तयार करण्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर होते. कोकणातले, केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात मोठ्या पदावर, आणि शिवाय संस्कृतमध्ये लिहिणारे कवी. त्यांच्या रचनेत पहिला आकडा विभाग सांगतो. महाराष्ट्र ४ मध्ये येतो, म्हणून उल्हासनगर ४२१००१ पासून, अंबरनाथ ४२१५०१ आणि बदलापूर ४२१५०३. एक ते आठ आकडे देशाच्या नकाशावर वाटले गेले. नववा मात्र नकाशावर नाही. तो लष्कराला दिला.

म्हणजे ४२१५०३ वाचून बदलापूर कळतं, पण ९ने सुरू होणारा पिन वाचून बाहेरच्या माणसाला काहीच कळत नाही. त्याच वर्षी, १ मार्च १९७२ रोजी, आर्मी पोस्टल सर्व्हिस हे लष्करातलं स्वतंत्र दल झालं होतं. त्याचं प्रशिक्षण केंद्र नागपूरजवळ कामठीला आहे.

नौदलाचं थोडं वेगळं आहे. जहाजावर असलेल्याचं टपाल जहाजाच्या नावाने 'फ्लीट मेल ऑफिस, मुंबई' या पत्त्यावर जातं. जहाज त्या दिवशी एडनच्या आखातात चाचेगिरीविरोधी गस्तीवर असेल (ही गस्त २००८ पासून सुरू आहे) किंवा मुंबईच्या गोदीत असेल, पत्ता तोच.

हे आजचं नाही

लष्करासोबत टपाल परदेशी जायची सुरुवात मुंबईतूनच झाली म्हटलं तरी चालेल. १८५६ मध्ये मुंबईहून इराणच्या मोहिमेवर फौज निघाली, तेव्हा तिच्यासोबत फील्ड पोस्ट ऑफिस पाठवलं गेलं. भारतीय लष्करी टपालाचा इतिहास तिथून मोजतात.

पहिल्या महायुद्धात पार्सलांचा प्रश्न मोठा झाला. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढत होत्या. मुंबईत गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने युद्ध मदत निधीची महिला शाखा उभी राहिली आणि तिथून जवानांसाठी सामान जाऊ लागलं. १९१४ च्या नाताळात ब्रिटनच्या राजकन्या मेरी यांच्या नावाने सैनिकांना पितळी डब्या वाटल्या गेल्या. ब्रिटिश सैनिकाच्या डबीत तंबाखू आणि सिगारेटी. भारतीय सैनिकांना खडीसाखर आणि मसाल्याची डबी. शिखांना तंबाखू चालत नाही म्हणून त्यांच्या भेटीतून सिगारेट वगळलेली. शंभर वर्षांपूर्वीही कुणीतरी बसून विचार केला होता की समोरच्याला काय चालतं आणि काय नाही. आज एकसारखी पाचशे खोकी भरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर भारतीय सैनिक शांततेच्या कामासाठीही परदेशी गेले. १९५० मध्ये ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक कोरियात गेलं. १९५३ मध्ये युद्धकैद्यांची देखरेख करायला 'कस्टोडियन फोर्स' गेली, तिचे प्रमुख होते मेजर जनरल शं. पां. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. तिथल्या जवानांना घरी पत्रं लिहिता यावीत म्हणून भारतीय तिकिटांवर वेगळा मजकूर छापला गेला. पुढे व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया, १९६२ मध्ये काँगो, १९६५ मध्ये गाझा, अशा प्रत्येक ठिकाणासाठी अशी तिकिटं निघाली. घरात आजोबांची जुनी पत्रपेटी असेल तर एकदा उघडून बघा. ही तिकिटं संग्राहक शोधत असतात.

आतापर्यंत २ लाख ९० हजारांहून जास्त भारतीय सैनिकांनी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांमध्ये काम केलंय. लेबनॉनमध्ये भारताची तुकडी १९९८ पासून आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरक्षा परिषदेने ठरवलं की ही मोहीम ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतच चालेल. दक्षिण सुदान आणि काँगो ही इतर मोठी ठिकाणं.

या तीन शहरांचा लष्कराशी संबंध काय?

उल्हासनगर मुळात लष्करी छावणीच होतं. दुसऱ्या महायुद्धात 'कल्याण कॅम्प' नावाने इथे सैनिकांच्या बराकी होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना त्याच बराकींमध्ये ठेवलं गेलं आणि १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालं. रिक्षावाला आजही 'कॅम्प तीन की कॅम्प चार?' असंच विचारतो. अंबरनाथला १९५० च्या दशकापासून ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशिन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन हे कारखाने सरकारी कंपन्यांकडे गेले. आणि बदलापूर? घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, ही गोष्ट इथला प्रत्येकजण सांगतो. इतिहासकारांना ती किती पटते हा वेगळा विषय, पण टपालाच्या लेखात ती आली नाही तर बदलापूरकर रागावतील.

खोक्यात काय भरायचं?

इथे प्रेमापेक्षा व्यवहार महत्त्वाचा. पार्सल आधी दिल्लीला जाणार, तिथे छाटलं जाणार, मग पुढे. परदेशातल्या तुकडीपर्यंत पोचायला किती दिवस लागतील हे विमान आणि तिथली परिस्थिती ठरवते. त्यामुळे दिवाळीचा फराळ नवरात्रातच पोस्टात पडलेला बरा. राखी तर पाकिटातच जाते, पण तीही आषाढ संपायच्या आत टाकावी. पोस्टात पाणी न शिरणारी राखीची खास पाकिटं मिळतात.

ओल्या नारळाच्या करंज्या नकोच. खवा, पेढे, बर्फीही नको. चकल्या टिकतात, पण पोचेपर्यंत भुगा होतो. तळलेलं काहीही असेल तर तेल ताजं वापरा, नाहीतर महिन्याभरात खवट वास येतो. बेसनाचे किंवा रव्याचे लाडू, कोरडा चिवडा, शंकरपाळे, चटण्या, मेतकूट, कोकम, भाजणीचं पीठ हे चालतं. उल्हासनगरचा पापड तर प्रवासासाठीच जन्मलाय, फक्त भाजायला तिथे काहीतरी हवं. लोणचं द्यायचंच असेल तर कमी तेलाचं आणि दुहेरी पिशवीत. बरणी फुटली तर आपलंच नाही, पिशवीतल्या दहा जणांची पार्सलं तेलकट होतात. बदलापूरची जांभळं पाठवायचा मोह कितीही झाला तरी आवरा.

डिओडरंटचे स्प्रे, काडेपेटी, लायटर, परफ्यूम, पॉवर बँक, दारू हे सगळं बाद. यातलं बरंचसं पेट घेणारं आहे आणि टपाल विमानातून जातं. एका भल्यामोठ्या खोक्यापेक्षा छोटी दोन बरी. एक रखडलं तरी दुसरं पोचतं.

आणि हो, हाताने लिहिलेली चिठ्ठी टाका. व्हिडिओ कॉल रोज होत असला तरी.

'कुठल्याही जवानाला' पार्सल पाठवता येतं का?

सोसायट्या, मंडळं आणि शाळांना हा प्रश्न दरवर्षी पडतो. क्रमांक, नाव आणि युनिट नसलेलं खोकं लष्करी टपालात पुढे सरकत नाही. अमेरिकेत 'एनी सर्व्हिस मेंबर' म्हणजे 'कुणाही सैनिकाला' असा पत्ता चालायचा. २००१ मध्ये टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले आणि तिथल्या संरक्षण खात्याने ती सोय बंद केली. अनोळखी पार्सलाचा धोका म्हणतात तो हाच.

मंडळाला सामूहिक पार्सल पाठवायचं असेल तर आधी ओळखीतल्या जवानामार्फत युनिटला विचारावं, किंवा ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. काय हवंय हे विचारणं सगळ्यात महत्त्वाचं. पुण्याच्या सुमेधा आणि योगेश चिथडे या दांपत्याने सियाचिनच्या जवानांसाठी काहीतरी करायचं ठरवलं, तेव्हा तिथली गरज मिठाईची नव्हती, ऑक्सिजनची होती. सुमेधाताईंनी स्वतःचे दागिने विकून सुरुवात केली, लोकांकडून पैसे गोळा केले आणि २०१९ मध्ये तिथे ऑक्सिजन प्रकल्प उभा राहिला.

पैसे मागणाऱ्या मेसेजपासून मात्र सांभाळून. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर 'लष्कराच्या आधुनिकीकरणासाठी सरकारने खातं उघडलंय' असा मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरला. तो दिशाभूल करणारा असल्याचं संरक्षण मंत्रालयाला सांगावं लागलं.

फोटो टाकायचा की नाही?

खोकं भरतानाचा फोटो खुशाल टाका. चिकटवलेल्या पत्त्याचा टाकू नका. नाव, क्रमांक, युनिट आणि पिन एका फोटोत आले आणि खाली 'आमचा दादा लेबनॉनमध्ये' असं कॅप्शन पडलं, की ५६ एपीओने लपवलेलं सगळं उघड झालं. एवढी मोठी यंत्रणा ज्या माहितीसाठी राबते ती एका स्टोरीत बाहेर पडते. पार्सल मिळाल्यावर तिकडून आलेला फोटो परवानगीशिवाय शेअर करणं तर त्याहून वाईट. मागे दिसणारा डोंगर, बोर्ड, गाडीचा नंबर हे बघणारे लोक असतात. बनावट 'फौजी' प्रोफाइल बनवून फसवणूक करणाऱ्यांनाही असे फोटो आणि क्रमांक आयते मिळतात. अंबरनाथच्या फॅक्टरीत काम केलेल्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

पोस्टात पावती मिळते, तिच्यावरच्या क्रमांकाने पार्सल दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसपर्यंत कुठे पोचलं ते ऑनलाइन दिसू शकतं. पुढचा प्रवास दिसला नाही म्हणजे पार्सल हरवलं असं नाही. तिथून ते लष्कराच्या ताब्यात गेलेलं असतं. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, पिनकोड आणि फोन नंबर खोक्यावर बाहेरून लिहा, आणि तोच एका कागदावर लिहून आतही टाका. वरचं लेबल पावसात पुसलं गेलं किंवा जवान रजेवर घरी निघून गेला, तर खोकं परत यायला तोच कागद लागतो.