पाद्र्याच्या हातातली गदा

१९८०च्या दशकात अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाविरुद्ध मोठं वादळ उठलं. हा खेळ सैतानाचा आहे आणि मुलांना जादूटोण्याकडे नेतो, असा आरोप होता. आरोप करणाऱ्यांनी एक गोष्ट पाहिलीच नाही. या खेळात धर्म पहिल्या दिवसापासून होता आणि तो खेळाडूंच्या बाजूने लढत होता.

मागोवा १९७१ पर्यंत जातो. मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये डेव्ह आर्नेसन हे मित्रांना जमवून ‘ब्लॅकमूर’ नावाच्या काल्पनिक मुलखात खेळ रंगवत. आधीच्या युद्धखेळांत प्रत्येकाच्या हाताखाली फौजा असत. इथे प्रत्येकाने एकच माणूस व्हायचं, त्याच्या तोंडून बोलायचं आणि बेत तडीस गेला की फसला ते फाशांनी ठरवायचं. पुढे एका खेळाडूचं पात्र सर फँग नावाचा व्हॅम्पायर झालं आणि इतकं बलाढ्य झालं की त्याच्यापुढे कुणाचं काही चालेना. त्यावर उतारा म्हणून माइक कार या गड्याचं पात्र आलं, बिशप कार. त्याची घडण हॅमर कंपनीच्या भयपटांतल्या व्हॅन हेलसिंगवरून झाली होती, म्हणजे पीटर कुशिंग यांनी साकारलेल्या. क्रूस उगारावा आणि पिशाच्चाने मागे हटावं, एवढंच त्याचं आरंभीचं काम.

१९७४ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून गॅरी गायगॅक्स यांनी आर्नेसन यांच्यासोबत हा खेळ छापून काढला. लाकडी नक्षीच्या खोक्यात तीन पुस्तिका, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. त्यात खेळाडूला तीनच पेशे होते: योद्धा, जादूगार आणि ‘क्लेरिक’, म्हणजे धर्मगुरू. गायगॅक्स स्वतः काही वर्षं ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथात होते. बायबल त्यांना चांगलं माहीत होतं आणि ते पानापानांवर दिसतं. क्लेरिकच्या मंत्रांत काठ्यांचे साप करणं आहे, कीटकांची धाड आणणं आहे, अन्न निर्माण करणं आणि मेलेल्याला उठवणं आहे. निर्गमाचं पुस्तक वाचलेल्या कुणालाही फारोच्या दरबारातले मोशे आणि अहरोन तिथे सहज ओळखता येतील. खरेदीच्या यादीतही लाकडी क्रूस, चांदीचा क्रूस आणि पवित्र पाणी होतं, प्रत्येकाची किंमत सोन्याच्या नाण्यांत.

पहिल्या पायरीवरच्या क्लेरिकला एकही मंत्र मिळत नसे, हा नियम मला फार आवडतो. आधी तुम्ही नुसतं श्रद्धेने चालायचं, फळ दुसऱ्या पायरीपासून. या पायऱ्यांना नावंही होती. अकोलाइट, अॅडेप्ट, गावचा पाद्री, व्हिकर, क्युरेट, बिशप, मग सातव्या पायरीवर लामा आणि आठव्यावर पेट्रिआर्क! ख्रिस्ती चर्चची सगळी चढण आणि मध्येच तिबेटचा एक लामा. तो तिथे काय करतो, हे कोणी सांगितलं नाही. ग्रंथालयातल्या सगळ्या धर्मांतून हाताला लागेल ते घेण्याची त्या मंडळींची रीत त्यात उघडी पडते.

शस्त्रांचंही तसंच. क्लेरिकने धारदार पातं वापरायचं नाही, गदाच. याचं मूळ बेयो टॅपेस्ट्री या मध्ययुगीन भरतकामात शोधलं जातं. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईत बिशप ओडो तिथे हातात सोटा घेऊन दिसतो. धर्मगुरूने रक्त सांडू नये म्हणून तो सोटा, असा अर्थ पुढे लावला गेला. इतिहासकारांना तो सोटा अधिकाराची खूणही वाटतो, आणि गदेनेही रक्त सांडतंच. तरी खेळात तो नियम पंचवीसेक वर्षं टिकला.

मग प्रश्न आला, हा धर्मगुरू पूजा कुणाची करतो? तिथे लेखकांना संकोच वाटला. १९७६ साली ‘गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज’ ही पुरवणी निघाली, तिच्यात ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन देवांबरोबर आपले देवही होते. बायबलचा देव मात्र नव्हता. १९८०च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’मध्येही इंद्र, अग्नी, विष्णू, लक्ष्मी, काली, यम यांना प्रत्येकी चिलखताचा आकडा आणि हिट पॉइंट मिळाले, म्हणजे किती घाव सोसता येतील त्याचा हिशेब. १९७६च्या त्या पुरवणीच्या प्रस्तावनेत संपादक टिम कास्क यांनी हेतू सांगितला होता तो असा की, अफाट बळ मिळवून बसलेल्या खेळाडूंना खऱ्या देवांपुढे आपली पायरी कळावी. पण देवाला एकदा आकडा दिला की तो संपवण्याचा हिशेबही कुणीतरी मांडणारच.

इकडे १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये नरकाचे अधिपती दाखल झाले होते, बालझेबुल आणि अस्मोदियस यांच्यासह. म्हणजे पाहा, आदरापोटी देव पुस्तकाबाहेर राहिला आणि त्याचे शत्रू नावानिशी आत आले. ते पान उघडणाऱ्या श्रद्धाळू आईवडिलांना नरकच दिसला, यात त्यांचा सगळा दोष मी मानत नाही.

पण त्यापुढे जे झालं ते अन्यायाचं होतं. १९७९ साली मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतला एक हुशार, खचलेला मुलगा बेपत्ता झाला. त्याच्या नैराश्याची चौकशी करायची सोडून वर्तमानपत्रांनी खेळाकडे बोट दाखवलं. १९८२ साली व्हर्जिनियात पॅट्रिशिया पुलिंग यांच्या मुलाने आत्महत्या केली. पुढच्या वर्षी त्यांनी या खेळाविरुद्ध ‘बॅड’ ही संघटना काढली. त्यांचं दुःख खरं होतं, निदान चुकीचं होतं. १९८४ साली ख्रिस्ती प्रचारक जॅक चिक यांची ‘डार्क डंजन्स’ ही चित्रपुस्तिका आली, तिच्यात खेळणाऱ्या मुलीला प्रत्यक्ष जादूटोण्यात ओढलं जातं. १९९० मध्ये लेखक मायकेल स्टॅकपोल यांनी पुलिंग यांचे दावे एकेक करून तपासले, तेव्हा त्यांतलं फारसं काही उभं राहिलं नाही.

याच काळात श्रद्धावंत माणसं खेळाच्या आतही होती. ट्रेसी हिकमन हे मॉर्मन पंथाचे, धर्मप्रचारासाठी इंडोनेशियात राहून आलेले. १९८४ला सुरू झालेल्या त्यांच्या ‘ड्रॅगनलान्स’ या खेळमालिकेत गोल्डमून ही स्त्री विसरल्या गेलेल्या देवांची श्रद्धा पुन्हा जगात आणते. त्याच वर्षी निघालेल्या ‘ड्रॅगनरेड’ या ख्रिस्ती खेळात मंत्राऐवजी बायबलमधली वचनं पाठ म्हणावी लागत.

प्रकाशकांनी शेवटी माघार घेतली. १९८५ला देवांच्या पुस्तकाचं नाव ‘लेजंड्स अँड लोर’ असं सौम्य केलं. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीतून डेमन आणि डेव्हिल हे शब्दच गेले आणि थोड्याच काळात तेच राक्षस ‘तानारी’ आणि ‘बातेझू’ या बनावट नावांनी परतले. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने जुनी नावं परत आणली. वादळ ओसरलं होतं.

आपल्या देवांचं काय झालं, ते या सगळ्यात कुणी विचारलं नाही. २००२ साली ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ नव्याने निघालं, तेव्हा त्यात ग्रीक, नॉर्स आणि इजिप्शियन देव राहिले. इंद्र, विष्णू, काली नव्हते, चिनी आणि जपानी देवही नव्हते. मला ते योग्य वाटतं. ज्यांची आजही घरोघरी पूजा होते त्यांना घावांच्या तक्त्यात बसवू नये, हा संकोच लेखकांनी स्वतःच्या देवाबाबत पहिल्याच पुस्तकात पाळला होता. आमच्या देवांना तोच मान मिळायला सव्वीस वर्षं लागली.