सेंट्रल बँक अँड ट्रस्ट कंपनी, ॲशव्हिल

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या डोंगराळ पश्चिम भागातली, आपल्या काळी त्या भागात सर्वांत मोठी असलेली बँक. २० नोव्हेंबर १९३० रोजी ती बंद पडली. महामंदीत अमेरिकेत हजारो बँका बुडाल्या आणि त्यांत हिच्याहून कितीतरी मोठ्या बँका होत्या. तरीही हिची स्वतंत्र नोंद घ्यावी लागते, कारण ठेवीदारांच्या पैशाबरोबर शहराची आणि काउंटीची तिजोरीही तिच्यात अडकली होती आणि त्यातून उरलेले देणे फिटायला १९७६ साल उजाडले.

ॲशव्हिल हे थंड हवेचे गाव. क्षयरोगी तिथे हवापालटासाठी येत, श्रीमंत उन्हाळा काढायला येत. पहिल्या महायुद्धानंतर तिथे जमिनीच्या व्यवहारांना उधाण आले. १९२० साली २८,५०४ असलेली लोकसंख्या १९३० साली ५०,१९३ झाली. डोंगरउतारांवर प्लॉट पडले, एकच प्लॉट महिन्यात दोनदा विकला जाऊ लागला आणि बहुतेक खरेदी उधारीवर होती. नगरपालिकाही मागे राहिली नाही. डग्लस एलिंग्टन या वास्तुशिल्पकाराने उभारलेला नवा सिटी हॉल (१९२८), काउंटीचे न्यायालय, डोंगर फोडून काढलेला बोगदा, नवे हायस्कूल, हे सगळे कर्जरोख्यांच्या पैशातून झाले. वाढत्या गावाचा वाढता कर हे देणे फेडील, असा हिशेब होता. १९२६ मध्ये फ्लोरिडातला जमिनीचा बाजार कोसळला आणि पाठोपाठ ॲशव्हिलचाही. म्हणजे शेअर बाजार गडगडण्याच्या तीन वर्षे आधीच या गावाची मंदी सुरू झाली होती.

सेंट्रल बँकेची कर्जे याच जमिनींच्या तारणावर होती. तारणाचे मोल उतरले, कर्जे थकली, तरी ताळेबंदात जुनेच आकडे चालू राहिले. बँकेचे अध्यक्ष वॉलेस डेव्हिस आणि गावचे कारभारी यांनी तेव्हा जो मार्ग धरला तो या प्रकरणाचा गाभा आहे. सार्वजनिक ठेवी काढून घेतल्या तर बँक त्याच दिवशी पडेल, म्हणून त्या काढल्या नाहीत. उलट पुढे जमा होणाऱ्या करांच्या भरवशावर अल्पमुदतीची कर्जे उभारून तो पैसाही तिच्यात भरला गेला. बँक बंद पडली तेव्हा शहर आणि काउंटी यांचे मिळून सुमारे ८० लाख डॉलर तिच्यात होते. गाव वाचवण्याच्या हेतूने हे केले, असे म्हणणाऱ्यांचा प्रामाणिकपणा मान्य केला तरी बुडीत बँकेचा तोटा यामुळे करदात्याच्या माथी गेला, हे नाकारता येत नाही.

शेवटचा धक्का बाहेरून आला. नॅशव्हिल येथील रॉजर्स कॉल्डवेल यांची कॉल्डवेल अँड कंपनी ही रोख्यांची पेढी नोव्हेंबर १९३० मध्ये कोसळली आणि तिच्याशी जोडलेल्या दक्षिणेतल्या बँकांवर ठेवीदारांची झुंबड उडाली. कॉल्डवेल यांचे भागीदार, टेनेसीचे माजी सिनेटर आणि वृत्तपत्रमालक ल्यूक ली यांचे सेंट्रल बँकेशी व्यवहार होते. ॲशव्हिलमधल्या आणि आसपासच्या इतर बँकाही त्याच सुमारास बंद झाल्या. त्या एका महिन्यात देशभरात २५६ बँका बुडाल्या.

बँक बंद झाल्यावर सुरू झाला अवसायनाचा, म्हणजे तिचा व्यवहार गुंडाळून देणी-घेणी मिटवण्याचा, लांबलचक काळ. राष्ट्रीय सनद असलेल्या बँकेवर वॉशिंग्टनहून कंट्रोलर हा केंद्र सरकारचा अधिकारी रिसीव्हर (अवसायक) नेमत असे. सेंट्रल राज्याच्या सनदेची असल्याने तिचा कारभार राज्याच्या अधिकाऱ्यांकडे गेला. १९३१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने बँक आयुक्तांचे पद निर्माण केले आणि आयुक्त गर्नी हूड यांच्या नावाने बँकेचे दावे कोर्टात चालू राहिले. अवसायकाचे काम सांगायला सोपे होते: ठेवीदारांचे दावे नोंदवायचे, कर्जे वसूल करायची, तारणे विकायची आणि हाती येईल ते हप्त्याहप्त्याने वाटायचे. भागधारकांवर दुहेरी दायित्व होते. शेअरची रक्कम तर गेलीच, शिवाय तेवढीच दर्शनी रक्कम त्यांना ठेवीदारांसाठी आणखी भरावी लागे. ठेव आणि कर्ज दोन्ही असणाऱ्याला मात्र एकाची दुसऱ्यात वजावट मिळे, त्यामुळे निव्वळ बचत करणारा सर्वांत वाईट अवस्थेत सापडला.

चालू बँक कर्जाची मुदत वाढवून देते. अवसायकाला तसे करता येत नाही. एरवी नव्वद दिवसांची चिठ्ठी दर वेळी नवी करून घेणाऱ्या दुकानदाराला आता सगळी रक्कम एकदम भरावी लागे. त्याने दुकान विकायला काढावे तर गिऱ्हाईक नसे, कारण ज्यांच्याकडे पैसा होता त्यांचाही तो याच बँकेत अडकला होता. तारणाच्या जमिनी बाजारात येत गेल्या तसे भाव आणखी पडले. माझ्या मते, बँक बुडण्याच्या दिवसापेक्षा त्यानंतरच्या या वसुलीच्या वर्षांनी गावाचे अधिक नुकसान केले.

महापौर गॅलॅटिन रॉबर्ट्स यांच्यावर सार्वजनिक ठेवींचा ठपका आला. त्यांनी पद सोडले आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये, आपण निर्दोष असल्याचे गावकऱ्यांना लिहून ठेवून, आयुष्य संपवले. डेव्हिस यांना शिक्षा झाली. बँकेला दहा लाखांहून अधिक डॉलरना फसवण्याच्या कटाबद्दल ली दोषी ठरले. १९३४ मध्ये ते तुरुंगात गेले, १९३६ मध्ये पॅरोलवर सुटले आणि पुढच्या वर्षी त्यांना माफी मिळाली. याच गावात वाढलेले कादंबरीकार थॉमस वुल्फ यांनी ‘यू कान्ट गो होम अगेन’ (१९४०) या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत या पडझडीला लिबिया हिल या कल्पित गावाचे रूप दिले.

पालिकांच्या कर्जउभारणीवर देखरेख ठेवण्यासाठी राज्याने १९३१ मध्येच लोकल गव्हर्नमेंट कमिशन नेमले. ते आजही काम करते. ठेवविम्याचा केंद्रीय कायदा १९३३ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९३४ पासून प्रत्येक ठेवीदाराच्या २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवीला संरक्षण मिळाले. सेंट्रलच्या ठेवीदारांना त्याचा काहीच उपयोग नव्हता. भारतात ठेवविमा १९६२ मध्ये आला, तोही अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पलाई सेंट्रल बँक १९६० मध्ये बुडाल्यानंतरच.

ॲशव्हिलने कर्ज नाकारले नाही. १९३६ मध्ये रोखेधारकांशी नव्याने करार झाला आणि पुढची चाळीस वर्षे गाव ते फेडत राहिले. नव्या बांधकामाला पैसा नव्हता, तसा जुने पाडायलाही नव्हता. म्हणून १९२० च्या दशकातल्या इमारती गावाच्या मध्यभागी टिकून राहिल्या. १९७६ मध्ये शेवटचा हप्ता गेला आणि फिटलेले रोखे गावात जाहीरपणे जाळण्यात आले.