आबकारी : दारू सरकारची की मक्तेदाराची?

१/ दारूविक्री सरकारने राखावी की खाजगी हाती द्यावी, हा वाद परदेशी भासतो. पण मुंबई इलाख्यात तो १८७८च्या आबकारी कायद्यापासूनचा आहे. हक्क सरकारचा, धंदा मात्र मक्तेदाराचा.

२/ धोरणाचे ब्रीद होते : कमीत कमी खप, जास्तीत जास्त महसूल. बोली चढवून घेतलेला मक्ता खप वाढवल्याखेरीज भरून कसा निघावा? माझ्या मते धोरणाची खरी गोम इथेच होती.

३/ मुळशीतून ताम्हिणी घाट उतरला की पूर्वीचा कुलाबा जिल्हा. ठाणे-कुलाब्यात १८९२च्या कायद्याने मोहाच्या फुलांच्या साठ्यावरही निर्बंध आले. आदिवासींचे ते अन्नही होते, हे लक्षात घ्यावे.

४/ पुण्यात १८८० साली नगरपालिकेचे सदस्य जोतीराव फुले यांनी वाढत्या गुत्त्यांविरुद्ध लेखी हरकत घेतली. १९०८ मध्ये टिळकांच्या चळवळीतील स्वयंसेवक दुकानांपुढे उभे राहिले.

५/ १९४९च्या दारूबंदी कायद्याचा आधार आजही कायम आहे. दुकाने परवानाधारक खाजगी मालकांची. मात्र गावातील महिला मतदानाने ‘बाटली आडवी’ करून दुकान बंद पाडू शकतात.