घाटी ते मिनी घाटी : उपचारांच्या समान हक्काचा प्रवास

मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. लोकांनी ‘घाटी’ म्हणून ओळखलेल्या त्याच्या रुग्णालयाचे महत्त्व यावरून लक्षात येते, की १९७४ मध्ये अंबाजोगाईचे महाविद्यालय सुरू होईपर्यंत विभागात दुसरे वैद्यकीय महाविद्यालय नव्हते, आणि त्यामुळे गरीब व सधन यांच्यातील अंतराइतकेच गाव व शहर यांच्यातील अंतरही उपचारांच्या आड येत असे. घाटीत केस पेपर, म्हणजे रुग्णाच्या नोंदीचा कागद, काढणाऱ्याला आधी आपले दारिद्र्य सिद्ध करावे लागत नसे.

१९८९ मध्ये डॉ. हेडगेवार रुग्णालय आणि १९९० मध्ये कमलनयन बजाज रुग्णालय सुरू झाल्यावर शहरात न्यासांच्या रुग्णालयांचे महत्त्व वाढले. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ अअ नुसार उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेने राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे बंधनकारक केले. नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर लागू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेने पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांना ठरावीक उपचारांसाठी वर्षाला दीड लाखाचे संरक्षण दिले. या दोन्ही व्यवस्थांनी खासगी दारे उघडली खरी, पण सवलत मिळण्यापूर्वी उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका दाखवणे आवश्यक ठरल्याने, दाखल्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घालण्याची ऐपत नसलेला माणूस कागदोपत्री पात्र असूनही बाहेर राहू शकत होता.

शासनाने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, म्हणजे पूर्वीची राजीव गांधी जीवनदायी योजना, सर्व कुटुंबांसाठी खुली करून संरक्षण पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला, तर १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क केले. तथापि घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने तो दुसरा निर्णय तिला लागू झाला नाही, आणि चिकलठाण्याच्या ‘मिनी घाटी’ला, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालयाला, तो लागू झाला. म्हणजे उत्पन्नाची अट शिथिल होऊ लागली तेव्हाही एकाच शहरातील दोन सरकारी दवाखान्यांत रुग्णाने किती पैसे भरावेत, हे त्याच्या ऐपतीवर नव्हे, तर रुग्णालय कोणत्या खात्याकडे आहे यावर ठरत होते. समान हक्कासाठी पात्रतेच्या अटींइतकीच खात्यांची विभागणीही तपासावी लागते.